साडेचार वीत दार

श्रद्धाच्या बाबाले पुण्याहून नमस्कार.

जुळ्यायच्या बाबागाडीसाठी आपल्या घराच्या दाराचं माप विचारलं तर साडेचार वीत सांगता? वीत कोनाची, तुमची का माही? तुमच्या वितीनं गाडी दारातून जाते, माह्या वितीनं अडकते. दुकानदार हसला माह्यावर.

बाकी इथं सगळं बरं हाय. श्रद्धाचे टाके भरले. जुळे दूध पितात, झोपत नाहीत. दोघांले संगं उचलणं तिले होत नाही, म्हणून दोन महिने घरातच बसली होती. बोलते बी कमी.

परवा पहिल्यांदा बाहेर काढली, बाबागाडी पाहाले. मागं-पुढं बसायच्या गाडीत मागचं लेकरू रडून लाल झालं. शेजारी-शेजारी बसायच्या गाडीत दोघं एकमेकाचं बोट धरून गप. श्रद्धा हसली. मी तीच घेणार, रुंद असली तरी.

तुमचा गुडघा कसा हाय? तेल लावता का?

फोनवर तुम्ही नुसतं हाव हाव करता, म्हणून गावाकडं येणाऱ्या शेजारच्या ज्ञानेश्वरच्या हाती चिठ्ठी देली. चौकटीच्या आतून सुतळी ताणा अन् तेवढीच कापा. दार कमी पडलं तर सुताराले बोलवून चौकट काढा. लेकरं सोनाळ्याले आपल्या घरात त्याच गाडीत येतील.

ज्ञानेश्वर शनवारी सकाळी पुण्याले परत निघते. त्याच्या आत सुतळी त्याच्या खिशात पाह्यजे.

श्रद्धाची आई