विंडोज सातच राहणार!

१८ जुलै, सोमवार
सकाळपासून लॅपटॉप तीनदा बंद पडला. चौथ्यांदा चालू झाला तो नोटीस घेऊनच. म्हणे तुमची विंडोज जुनी झाली, नवी घ्या. मीसुद्धा त्रेपन्नची झाले, मला लावा ना नोटीस!
लॅपटॉपवर व्हॉट्सॅप उघडणं आठ दिवसांपूर्वीच बंद झालंय. गिऱ्हाइकं रेडियमची डिझाइनं मोबाइलवरून पाठवतात, ती रेडियम कापायच्या मशीनपर्यंत पोचवायची कशी? आज दोघे आले, हळहळले, आणि स्टँडजवळच्या नव्या रेडियमवाल्याकडे गेले. जाऊ देत. तिथे नंबरप्लेट आणि होडीचं नाव एकाच अक्षरात मिळतं.
अदनानला फोन केला. भावाचा मुलगा, पुण्यात कॉम्प्युटरमध्येच आहे. “फुफू, अजून सातवर आहेस? दहा टाक. दोन तासांचं काम.”
याचं सगळंच दोन तासांचं.

२१ जुलै, गुरुवार
अ.ला एका होडीच्या नावाची फाइल पाठवली. म्हटलं तुझ्या दहावर उघडून दाखव. उघडली. ‘रवळनाथ प्रसाद’मधला र गायब, थचं पोट फुटलेलं, प्रचा पाय तुटून खाली पडलेला. त्यानं पाठवलेला फोटो दोनदा मोठा करून बघितला.
अ. म्हणतो, “तुझं सॉफ्टवेअर फार जुनं आहे, नव्यावर चालणारच नाही. दुसरा फाँट घे ना. कोण बघतं?”
कोण बघतं!
बावीस वर्षं या हातानं होड्यांवर नावं रंगवली. बाईमाणूस शिडीवर चढून लिहिते म्हणून आधी लोक बघायला यायचे, मग लिहून घ्यायला यायला लागले. हात थरथरायला लागला तेव्हा तीन पावसाळे बसून एकेक अक्षर माउसनं गिरवलं आणि मशीनमध्ये घातलं. हात पुरता जायच्या आत. ती अक्षरं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, सॉफ्टवेअर सातवर. आता पुन्हा गिरवायची म्हटलं तर माउससुद्धा धड धरवत नाही.
तेव्हा दहा गेली उडत.

२५ जुलै, सोमवार
दाजी तांडेल आला. नवी होडी बांधलीय, नारळी पुनवेला पाण्यात घालायची. नाव जुन्या होडीचंच, रवळनाथ प्रसाद. “तुझ्याच अक्षरात होया हां. लांबसून वळाखता येता.”
त्याच्यासमोरच लॅपटॉप झोपला. पाच मिनिटं दोघं काळ्या पडद्याकडे बघत बसलो.
“शमीमबाय, ह्येचा कायतरी करूक होया.”
“करतंय मा. वाट बघतंय.”
हसला नाही. त्याला काळजी लागली. मला पण, पण मी दाखवते थोडीच.

२९ जुलै, शुक्रवार
आज कहर झाला.
दाजी सकाळीच हजर, कपाळाला अंगारा. “देवाक कौल लावलंय. लॅपटॉप नवो करूचो काय नाय? उजवी कळी पडली, म्हणजे होय. कर.”
मला आधी कळेचना. मग डोकंच फिरलं. लग्नाला कौल, घराला कौल, जमिनीच्या वादाला कौल, सगळं ऐकलंय. माझ्या विंडोजचा कौल?
“माझ्या लॅपटॉपाचो कौल माका न इचारता लावलास?”
“माझ्या व्हडयेचा नाव आसा त्येच्यात.”
“देवाक सांगलंस, की नवी घातल्यार रचो पत्तो नाय, थचा पोट फुटता?”
तेवढं विचारायचं राहिलं म्हणाला. अर्धाच प्रश्न विचारला आणि पूर्ण उत्तर घेऊन आला मेला. तरी जाताना, “देवान दिल्यान ता दिल्यान.”

३ ऑगस्ट, बुधवार
अख्ख्या जामसंड्याला कळलंय. मासळीवालीनं बांगडे टोपलीतून काढता काढता विचारलं, “गो शमीमबाय, देवान सांगल्यान ता केलंस?” म्हटलं, माझा अल्लाह यात पडत नाही, तुमचा देव कशाला पडतोय? ती इतकी हसली की दोन बांगडे जास्त घातले.
पण आज मशीन ‘रव’ कापून थांबलं. पिवळ्या पट्टीवर नुसतं रव. पुन्हा लावलं, पुन्हा रव. भीती वाटते. लिहून ठेवते, कारण तोंडानं कबूल करणार नाही.

८ ऑगस्ट, सोमवार
अ. सुट्टी काढून आला. वैभववाडीला उतरला, तिथून एसटीनं भिजत. चहा संपायच्या आत खिशातून पेनड्राइव्ह. “यात दहा आहे.”
“असू दे. खिशातच ठेव.”
मग जुंपली. तो म्हणतो अक्षरांचे फोटो काढून ठेवू, मी नव्यात गिरवून देतो. तू गिरवणार? मग ती तुझी अक्षरं झाली, रे. म्हणाला, हट्ट करतेस. हो, करते. बावीस वर्षं शिडीवर हट्टानंच चढले.
शेवटी हळू आवाजात म्हणाला, “फुफू, हा लॅपटॉप सातवरसुद्धा मरणारच आहे. मग काय करशील?”
मी आणखीच जोरात बोलले.

१० ऑगस्ट, बुधवार
पुनव उद्यावर. लॅपटॉप सकाळपासून ढिम्म. दाजीला सांगायला अ.ला घेऊन बंदरावर गेले, की नाव होणार नाही, स्टँडवरून करून घे.
ताडपत्रीखाली होडी उभी. शेजारी निळ्या रंगाचा डबा, ब्रश आणि शिडी.
“हातान लिव,” दाजी म्हणाला.
“हात बघितलास माझो?”
“बघलंय.”
“परत कौल लावलास काय?”
“नाय. देवाक रंगातला काय कळता?”
अ.नं शिडी धरली. र लिहायलाच दहा मिनिटं गेली. उजवा हात डाव्यानं धरून लिहिलं. थरथर सगळी रंगात उतरली, थची गाठ चुकली, ळ तर खेकडाच झाला. खाली उतरून बघितलं आणि रडू आलं. राग पण आला, असलं अक्षर मी कधी दिलं नव्हतं कुणाला. म्हटलं पुसून टाकते.
दाजी लांब पाण्याच्या कडेपर्यंत गेला. तिथून बघितलं. परत आला.
“वाकडा आसा.”
“म्हायत आसा माका.”
“तुझाच आसा पण. ऱ्हवांदे.”
घरी आल्यावर अ.नं काय खटपट केली कोण जाणे, लॅपटॉप चालू झाला. पेनड्राइव्ह लावून बसलाय. “फुफू, आज चालू आहे तोवर ठरव. फक्त पासवर्ड टाक, बाकी मी बघतो.”
दोन्ही हात निळे. म्हटलं, हात धुतल्यावर बघू.
अजून धुतलेले नाहीत.