झाकण पूर्ण उघडलं की

गुरुवार, संध्याकाळ. कळंब.

शाळेचा लॅपटॉप आज सुरू झाला आणि तो मी सुरू केला. हे आधी लिहून ठेवते.

मी त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं आणि आठवड्यात स्क्रीन काळी पडायला लागली. "मॅडम, तुमच्या फुकटच्या सिस्टीमनंच बिघडवला," हेडसर सगळ्यांसमोर म्हणाले. मलाही तसंच वाटलं. ऑनलाइन फोरमवर विचारलं, "लिनक्समुळं लॅपटॉप बंद पडतो, मदत करा." दोन दिवस कुणाचं उत्तर नाही.

माझे वडील, अप्पा, एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "बंद पडतो म्हणून काय कळतंय? कवा पडतो, त्याच्या आधी काय केलतं, ते सांग की."

मग बसून नुसतं बघितलं. आधीच का नाही बघितलं? दिसलं तेवढंच फोरमवर लिहिलं: स्क्रीन काळी होते, पण पंखा चालू असतो. टीव्हीला जोडला तर चित्र येतं. झाकण अर्धंच उघडलं तर लॅपटॉपवरही येतं, पूर्ण उघडलं की जातं. लिनक्सला दोष दिला नाही.

तासाभरात उत्तर आलं: सिस्टीम ठीक आहे, बिजागरीजवळची स्क्रीनची वायर सैल झाली असेल. खोलून बघितलं तर खरंच सैल होती. नीट बसवली. आता झाकण पूर्ण उघडतं आणि चित्र जात नाही!

हेडसरांना उद्या दाखवते, तेही सगळ्यांसमोर.

फोरमवर लिहिलेलं अप्पांना मराठीत वाचून दाखवलं. ते म्हणाले, "उभ्या नोकरीत गाडीचा बिघाड असा लिहून देणारा एक बी ड्रायव्हर भेटला न्हाय मला."