अॅसिडची खोली, खाराची खोली

दाबोळी, मुरगाव
७ नोव्हेंबर १९७६

तीर्थस्वरूप आईस,

कमळचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही इथे खुशाल आहोत. पत्रात ‘आम्ही’ दिसलं की तू कागद खाली ठेवतेस असं दादा सांगतो. तरी तेच लिहिते, कारण या घरात मी आणि मधुकर असे दोघं राहतो. ज्या घरात त्याची चूल आहे तिथलं पाणीही पिणार नाही, हा तुझा निरोप लग्नाच्या वेळीच पोचला होता. त्यावर आज वाद घालायला बसलेली नाही.

इब्रामपूरचं भात घरात आलं का? तुळशीचं लग्न कोणी लावलं? तुझ्या गुडघ्यांना तेल चोळायला वहिनीला सांग, लाजू नकोस.

माझं काम काय, हे तू कधी विचारलं नाहीस. दादाला वाटतं मी विमानात दिवे लावते. विमानाच्या दोन्ही इंजिनांना एकेक जनरेटर असतो आणि हवेत सगळी वीज तेच पुरवतात. बॅटरी विमान सुरू होताना कामाला येते, मग आपली गप्प बसून राहते. दोन्ही जनरेटर बंद पडले तर मात्र तिच्याशिवाय कोणी नाही. तेव्हा ती जेमतेम अर्धा तास पुरते. ती बॅटरी भरून, तपासून द्यायची, हे माझं काम.

आमच्याकडे विमानतळावर बॅटऱ्यांच्या दोन खोल्या आहेत. विमानातली बॅटरी खाराची, म्हणजे अल्कलीची, आणि जमिनीवरच्या गाडीतली अॅसिडची. अॅसिडचा थेंब खाराच्या बॅटरीत गेला की ती बाद. म्हणून भांडी वेगळी, फडकी वेगळी, पाणी घालायच्या पिचकाऱ्या वेगळ्या. एका खोलीतला एप्रन घालून दुसरीत पाऊल टाकायचं नाही. नवीन पोरांना हे अंगवळणी पडायला महिने लागतात. मला एक दिवस लागला. आमचे मुख्य महादेवबाब, डिचोलीचे, म्हणाले की हिला कोणीतरी आधीच शिकवून पाठवलंय. मी तुझं नाव सांगितलं.

तर झालं काय, खंडेनवमीला महादेवबाबांना भक्तीचं भरतं आलं. दोन्ही खोल्यांतली सगळी हत्यारं बाहेर आणून, धुऊन, एकाच पाटावर मांडली. हळदकुंकू, झेंडूची फुलं, आरती, पंचखाद्य. इतकी सुंदर पूजा की साहेबसुद्धा चपला काढून उभे राहिले. हत्यारं परत जागेवर गेली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी महादेवबाब खाराच्या खोलीत पिचकारी हातात घेऊन थांबले. तिच्यावर अॅसिडच्या खोलीची खूण होती. तिनेच सकाळी मी दोन बॅटऱ्यांत पाणी घातलं होतं.

कोणाला पत्ता लागला नसता. त्या बॅटऱ्या त्या दिवशी तपासणीत पासही झाल्या असत्या. महादेवबाब मला एवढंच म्हणाले, “ह्यो दोनूय भायर काड गो. चूक म्हजी.” मग साहेबांकडे जाऊन चूक आपलीच असं त्यांनी सांगितलं. त्यातली एक ज्यात बसायची होती ते विमान मुंबईहून नवीन बॅटरी येईपर्यंत अडकून पडलं आणि प्रवाशांनी त्यांना नाही नाही ते ऐकवलं. ते हात जोडून उभे होते. नवीन बॅटरी मी भरली.

दिवाळीच्या आधी तेच विमान दुपारी मुंबईहून येत होतं. वाटेत एक जनरेटर गेला, आणि थोड्या वेळाने दुसराही. वैमानिकाने तेवढं कळवलं आणि वीज वाचवायला रेडिओ बंद केला. आम्ही सगळे धावपट्टीच्या कडेला जाऊन उभे राहिलो. आकाश स्वच्छ होतं, कुठेच काही दिसत नव्हतं. मधुकर त्यात होता. मेकॅनिक म्हणून तो कधी कधी सोबत जातो. महादेवबाबांनी मला हाताला धरून खाली बसवलं. माझी अवस्था त्यांना ठाऊक होती. त्याच्या आदल्याच आठवड्यात त्यांनी मला बॅटरीच्या खोलीतून काढून बाहेर टेबलावर बसवलं होतं, कारण ती वाफ पोटातल्या जिवाला बरी नाही.

हो आई, तेच. माघात.

विमान आलं. समुद्राकडून आलं, चाकं खाली होती, आणि रोजच्यासारखंच उतरलं. एवढं मोठं विमान, त्यातली माणसं, आणि मी कडेवर घेईन एवढी ती पेटी. गाभाऱ्यासमोर जोडावे तसे माझे हात जोडले गेले, अजून आठवलं की जोडले जातात. मधुकर उतरून थेट माझ्याकडे आला आणि म्हणाला, “वैमानिकासमोरचे अर्धे काटे मेल्ले. मगे चाकांचे तीन हिरवे दिवे पेटले. ते तुझे गो.” चाकं नीट खाली बसली की ते दिवे लागतात, आणि या खेपेला ते माझ्या बॅटरीवर लागले. एरवी मला चिडवल्याशिवाय त्याचा दिवस जात नाही. त्या दिवशी तो रडत होता.

आई, सोवळ्याला मी हसत नाही. वेगळं काय ठेवावं लागतं हे मी रोज हातांनी केलंय, आणि एकत्र आल्यावर काय नासतं हेही पाहिलंय. मधुकर आणि मी एकत्र आलो. त्यात काही नासलं नाही. मी नीट तपासून सांगते आहे.

बाळंतपणाला मला तू हवी आहेस. इथे सुईण आहे, दवाखाना आहे, शेजारच्या सुलोचनाबाई आहेत. मला भीती वाटते आणि तू हवी आहेस. मागच्या पडवीत तुझी चूल वेगळी मांडते. तुझी भांडी, तुझी कळशी घेऊन ये. विहिरीचं पाणी तूच काढ, तुझं तू रांध, एकटी जेव. मधुकर त्या बाजूला पाऊल टाकणार नाही, तो स्वतःच तसं म्हणाला. तू सांगशील ते सगळं मी वेगळं ठेवीन.

बाळ मात्र त्याच्या हातातून तुझ्या हातात येईल. तेवढं मला वेगळं ठेवता येणार नाही.

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
कमळ