अनसूयम्मांच्या सकिनालूंवर घातलेला आळ

शिवानी,

मराठी वाचायला तुला वेळ लागतो म्हणून मोठ्या अक्षरात लिहितोय. पहाटेपासून घरभर येरझाऱ्या चालल्यात. तू उठायच्या आत निघतो, समोर बसून हे सांगणं मला जमणार नाही.

माझा दात सकिनालूची ती कडक तांदळाची चकली चावताना तुटला नाही. संक्रांतीला चिक्कडपल्लीच्या वळणावर चक्कर आली आणि स्कूटरसकट पडलो. चक्कर यायची ती दुसरी वेळ. घरी येऊन शेजारच्या अनसूयम्मांनी दिलेल्या सकिनालूंचं नाव पुढे केलं. तेव्हापासून त्या बिचाऱ्या अपराधी वाटून रोज काहीतरी मऊ पाठवतात.

डॉक्टरांनी कवळी सांगितली, ब्रिज सांगितला. बाजूचे चांगले दात घासायला नकोत म्हणून तू इम्प्लांट ठरवलंस. पण हाडात स्क्रू बसवण्याआधीच्या फॉर्मवर 'चक्कर येते का' असं विचारलं होतं, आणि मी 'नाही' लिहिलं. आज अकराला बसवणार आहेत. त्याआधी हिमायतनगरला जाऊन ते खोडतो. दवाखाना उघडेपर्यंत पायरीवर बसेन. दात आणखी चार महिने नसला तरी चालेल. तू सुट्टी काढलीच आहेस तर ये, रागावलीस तरी ये.

ऑटोने जातोय. स्कूटरची चावी अनसूयम्मांकडे दिली, मी मागितली तरी देऊ नका म्हणालो. का, तेही सगळं सांगितलं. त्या आत गेल्या आणि उपमा घेऊन आल्या.

ओट्यावर झाकून ठेवलाय. मी न खाताच निघतोय.

बाबा