दहाही बोटांवर शंख

९ जानेवारी

डॉक्टरबाईंनी बाळाची एक मूठ उघडली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. तोंडचं पाणीच पळालं माझ्या. काल जन्मलेला मुलगा, आमचा पहिला, लग्नाला अकरा वर्षं होऊन गेल्यावर – आणि या बाई भिंग काढून त्याचे तळवे न्याहाळतायत! म्हटलं, "भविष्य बघताय का?" हसल्या नाहीत.

तळव्यावर वरच्या बाजूला दोन आडव्या रेषा असतात म्हणे. याला एकच. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ. दोन्ही हातांवर. करंगळी आत वळलेली, पायाच्या अंगठ्याशेजारी मोठी फट. "यातली एकेक खूण कुणालाही असू शकते. सगळ्या एकत्र दिसल्या की रक्त तपासायचं."

डाउन सिंड्रोम असेल, असं त्यांना वाटतंय. एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीनदा. बोलायला-शिकायला उशीर, कदाचित हृदयालाही काही. आयुष्यभराचं! रिपोर्टला तीन आठवडे लागतील.

हिला अजून सांगितलेलं नाही.

११ जानेवारी

सांगितलं. ही म्हणाली, "मला वाटलंच होतं. दूध ओढतच नाही तो." मी तयार करून नेलेलं एकही वाक्य लागलं नाही.

१४ जानेवारी

कामावर गेलो. माझा धंदाच बोटांचा – कचेऱ्यांतली हजेरीची मशिनं दुरुस्त करतो. काचेवर बोट ठेवलं की पडद्यावर रेघा उमटतात. गोल फिरतं ते चक्र, एका बाजूने येऊन वळून परत जातो तो शंख, नुसती चढून उतरते ती कमान. इतकी वर्षं बघतोय, बोटावरून कुणाचं काही कळलेलं नाही. साहेब आणि शिपाई, दोघांच्या बोटांवर तेच शंख, तीच चक्रं! आणि या बाई म्हणे तळवा बघून माझ्या मुलाचं आयुष्य सांगणार.

दुपारी एका कचेरीच्या वॉचमनने मशिनवर बोट ठेवलं तेव्हा त्याचा तळवा दिसला. एकच रेषा! अगदी तशीच. मी त्याचा हात सोडेचना. "काय साहेब, लॉटरी लागणार का?" धडधाकट माणूस, तीन मुलांचा बाप, हिशेबाला पक्का. त्याला चहा पाजला. तो बिचारा बुचकळ्यात पडला.

घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, "त्या वॉचमनलाही दूध चमच्यानेच पाजावं लागत होतं का?"

१९ जानेवारी

आज मूर्खपणा केला. शिक्क्याच्या पॅडवर बाळाची बोटं टेकवून कागदावर उमटवली. डॉक्टरबाईंना तोंडावर पाडायचं होतं. इवल्याशा रेघा, मोठ्या भिंगाखाली धरल्या तेव्हा कुठे दिसल्या.

दहाही बोटांवर शंख. एक चक्र नाही, एक कमान नाही.

ही आत आली, निळी बोटं बघून जी भडकली! "गुन्हेगार आहे का तो?" साबणाने धुतली तरी नखांच्या कडेला निळं राहिलंच.

२१ जानेवारी

कागद घेऊन गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, शाईने निदान होत नसतं, रक्तानेच होतं. पण हो, अशा मुलांमध्ये दहाही शंख बरेचदा दिसतात. तळव्यावरच्या रेघा तीन दिशांनी येऊन जिथे भेटतात, ती जागाही मनगटाजवळ हवी होती, याची तळव्याच्या मध्याकडे सरकली आहे. "या रेघा पोटातच कोरल्या जातात. चौथ्या महिन्यापर्यंत काम संपलेलं असतं."

चौथ्या महिन्यात आम्ही पाळण्याच्या रंगावरून भांडत होतो.

२ फेब्रुवारी

आहे. आहेच.

आणि वर आणखी एक. जास्तीचं एकविसावं गुणसूत्र सुटं नाही, दुसऱ्या एकविसाव्याला चिकटलेलं आहे. हे कधी आपोआप होतं, कधी आईकडून किंवा बापाकडून येतं. म्हणून दोघांचं रक्त द्यायचं. "दोघांचे रिपोर्ट येईपर्यंत दुसऱ्या बाळाचा विचार करू नका," असं डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलं.

६ फेब्रुवारी

ताई आली होती. बाळाला दोन बोटांनी हात लावला. मला गॅलरीत घेऊन म्हणाली, "आपल्या घरात असलं कुणी नाही रे. तिचं वय झालं होतं, दुसरं काय! आता पुढचं लवकर होऊ दे. चांगलं होईल ते." दार उघडं होतं. हिला ऐकू गेलं असणार. मी गप्प बसलो, म्हणजे हो म्हटल्यासारखंच झालं.

१० फेब्रुवारी

दोघांनी रक्त दिलं. रांगेत बसल्या बसल्या स्वतःचे तळवे बघितले. दोन रेषा, ठसठशीत. बोटांवर चक्रं, शंख, एक कमान – सगळं जिथल्या तिथे. मग बोलता बोलता हिचा हात हातात घेतला. हिच्या डाव्या तळव्यावर त्या दोन रेषा एका बाजूला जवळ जवळ आल्यासारख्या वाटल्या. हिने हात काढून घेतला.

"झालं बघून?"

लाज वाटली. तरीही मनात आलं, हिच्याकडूनच.

९ मार्च

हिचा रिपोर्ट नॉर्मल. माझं रक्त लॅबमध्ये खराब झालं, पुन्हा द्यायचं. आता मला कसली काळजी? माझा नॉर्मलच येणार – हात बघा माझे! ज्या रेघांना दोन महिन्यांपूर्वी थोतांड म्हणत होतो, त्यांच्यावरच आता माझी सगळी भिस्त.

बाळाच्या हृदयाला भोक आहे. ऑपरेशन पुढे बघू म्हणाले. चमच्याने दूध पाजायला तास लागतो आणि शेवटी अर्धं बाहेरच येतं.

२४ मार्च

मला दुसरं मूल हवंय. इथे तरी खरं लिहितो – मला या मुलाला विसरायला लावेल असं मूल हवंय. बाप म्हणून माझी लायकी ही एवढीच.

हिला म्हटलं, कशाला थांबायचं? वय थांबतंय का? ती म्हणाली, "तुझा रिपोर्ट येऊ दे." मी म्हटलं, "तो चांगलाच येणार, मी सांगतो ना!" तिने बाळाला खांद्यावरून खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुझी खात्री आहे ना? मग ठीक आहे."

१७ एप्रिल

बाळ पंख्याकडे बघून हसतं. पंखा बंद असला तरी. ही म्हणते, त्याला पंखा आवडतो, वारा नाही. मीही थोडा हसलो.

११ मे

माझ्याकडून.

माझी दोन्ही एकविसं एकमेकांना जन्मापासून चिकटलेली आहेत. माझ्यात कमी-जास्त काही नाही, म्हणून मला काही झालं नाही. पण मुलाला देताना दोन्ही एकदम जातात, नाहीतर एकही जात नाही. विचारलं, "म्हणजे पुढच्याला शक्यता किती?" डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "शक्यता वगैरे नाही हो. बहुतेकदा गर्भ टिकतच नाही. टिकला तर असाच."

म्हटलं, माझ्या हातावर मग काहीच कसं नाही? "तुमच्यात माल तेवढाच आहे, फक्त बांधणी वेगळी. हात काय सांगणार?"

ताईला फोन केला. "लॅबवाल्यांनी घोळ घातला असेल!" – आणि फोन ठेवला. हिला रिपोर्ट वाचून दाखवला. ही बाळाची दुधाची वाटी धूत होती. धुतलेली वाटी पुन्हा धुतली. एका शब्दाने टोचलं नाही. टोचायला हवं होतं.

१३ मे

ही दोन महिन्यांची गरोदर आहे. परवा मी रिपोर्ट घेऊन आलो की सांगायचं, म्हणजे मला दुप्पट आनंद होईल, असं ठरवून बसली होती.