बिऱ्हाडाची जागा आणि इंदूची भीती

२ जानेवारी १९५५, रविवार. मुक्काम खडकी.
नवं वर्ष, नवी डायरी, नवी नोकरी. पिंपरीच्या नव्या कारखान्यात आवक-जावक क्लार्क म्हणून लागून महिना झाला. आलेलं पत्र फोडायचं, शिक्का मारायचा, रजिस्टरात चढवायचं, साहेबांपुढे ठेवायचं. काम माझ्या बुद्धीच्या मानाने हलकं आहे.
इंदू आणि चार वर्षांची कुसुम कराडला, इंदूच्या भावाकडे. मी इथे ऑफिसातल्या मारुतरावांच्या ओसरीवर.
संकल्प: महिनाअखेर जागा नक्की करून बिऱ्हाड आणायचं. नव्या मुलखात जागा निवडायला धाडस लागतं. ते माझ्यात आहे. इंदू मात्र पहिल्यापासून भित्री. सगळं तिच्या नजरेने पाहावं लागणार.

९ जानेवारी, रविवार.
चिंचवड पाहिलं. बरोबर अर्जुनराव. हे माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात, घराणं चिंचवडचंच. गोजाबाई नावाच्या म्हातारीच्या दोन खोल्या. छान सारवलेल्या, उजेड भरपूर. मी सहज विचारलं, इकडे साप वगैरे?
गोजाबाई म्हणाल्या, "हाय की एक. चुलीमागच्या भितीत ऱ्हातो. कुनाला काय करत न्हाई."
कधीपासून आहे? तर म्हणे, "मी लगीन होऊन आले तवापासनं."
पुढचं बोलणं मी अंगणात उभं राहून केलं. आत हवा कमी होती.
नकार. कारण: भिंतींना ओल. इंदूला संधिवात होऊ शकतो. (सध्या नाही.)
इंदूला पत्र टाकलं. सापाबद्दल जरा सविस्तर लिहिलं.

१४ जानेवारी, शुक्रवार.
इंदूचं पत्र, आत तिळगुळाची पुडी. लिहिते, साप कराडातही आहेत. पुढे लिहिते, दादाकडे येऊन महिना उलटला; वहिनी बोलत काही नाहीत, पण मी घासलेली भांडी पुन्हा घासतात.
बिचारी. सापाचं वाचून घाबरली असणार, म्हणूनच विषय बदलला.

१६ जानेवारी, रविवार.
काळेवाडी. नदीपलीकडे. घरमालक सोनबा पलीकडच्या काठावर उभा होता. नाव अलीकडे लागलेली. नावेत आधीच दोन बायका, एक शेळी आणि गवताचे भारे. नाव हलत होती. शेळी माझ्याकडे बघत होती.
चौकशी मी अलीकडूनच केली. खोल्या किती, असं ओरडून विचारलं. सोनबा ओरडला, "दोन. या की हिकडं." छप्पर कसलं? "कौलाचं. या की." पाणी? "ही काय नदी. या की राव."
लांबून पाहिलं तर घर डावीकडे कललेलं वाटलं. अर्जुनराव म्हणाले, घर सरळ आहे, तुम्ही झाडाला धरून वाकला आहात.
नकार. रोज नावेने जायचं तर ऑफिसला उशीर होईल. आणि इंदूला पाण्याचं भय आहे. (विहिरीत पोहते, पण वाहत्या पाण्याचं वेगळं.)

२५ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी सहा.
अर्धी रजा काढून आकुर्डी. एकटाच गेलो. जागा पसंत पडत आली होती. मालक परड्यात पपई दाखवत असताना प्रचंड धमाका झाला.
नंतर कळलं, जवळ दगडाची खाण आहे, तिथे सुरुंग लावतात. हे मला स्टेशनवर कळलं. मधलं अंतर फार लवकर कापलं गेलं. एक चप्पल तिकडेच राहिली. तशी जुनीच होती.
आल्यापासून तीन तांबे पाणी प्यालो. चालण्याची सवय मोडल्यामुळे असावं.
इंदूला कळवलं, हा भाग तुझ्या काळजाला झेपणार नाही.

३१ जानेवारी, सोमवार.
कारखान्याच्या नव्या क्वार्टर्ससाठी अर्जाचा आज शेवटचा दिवस. नोटीस मीच लावली होती. गेल्या आठवड्यात जाऊनही आलो. माळावर दोन ओळी, रिकामी खोली अगदी टोकाची. पलीकडे नुसता माळ. दार उघडलं तर आत काहीतरी हललं. मी ते बाहेरून ओढून घेतलं. आत काय होतं ते पाहण्याचं काम माझं नाही, इमारत खात्याचं आहे. इंदूला लिहिलं, क्वार्टर्समधली खोली अगदी टोकाची, तुला भय वाटेल.
साहेबांनी विचारलं, तुमचा अर्ज कसा नाही? मी म्हणालो, माझ्यापेक्षा गरजूंना आधी मिळावं. साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. भारावले असावेत.

७ फेब्रुवारी, सोमवार.
तीन आठवडे इंदूचं पत्र नाही. मी चार पाठवली.
मारुतरावांनी चाचरत सांगितलं, पुढच्या आठवड्यात त्यांच्या सासुरवाडीची मंडळी येणार आहेत, ओसरी लागेल. मी म्हणालो, काही हरकत नाही, माझ्याकडे तीन जागा तयार आहेत.

१० फेब्रुवारी, गुरुवार.
पत्र नाही. कुसुम आजारी असेल का? वहिनी काही बोलल्या असतील का? की इंदूने ठरवलंच, की आता यायचंच नाही? तसं ठरवलं तर तिला दोष कसा देणार?
जेवण गेलं नाही. कराडला जाऊन यावं असं वाटतं. पण दार उघडून तिने विचारलं, जागा मिळाली का, तर?

१४ फेब्रुवारी, सोमवार.
सकाळच्या टपालात इंदूच्या हातचं पाकीट. जीव भांड्यात पडला. फोडून आतला कागद उलगडला तेव्हा पत्ता पाहिला. साहेबांच्या नावाचं होतं.

"सा. न. वि. वि. आमच्या घरचे आपल्याकडे आवक-जावकला आहेत. कामात चोख आहेत, पण स्वभावाने फार भित्रे. जागा बघायला जातात, भिऊन परत येतात आणि भीती माझी म्हणून लिहितात. आठ वर्षं मी ती माझी म्हणून चालवून घेतली. पण आता मुलीला घेऊन भावाच्या दारात किती दिवस राहू? दोन्ही बाजूंना बिऱ्हाडं असतील अशी मधली खोली त्यांना मिळावी. एकटे राहिले की ते जेवत नाहीत. मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नये. त्यांना वाईट वाटेल. सौ. इंदू शिंगटे."

टपाल मीच फोडतो हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं. ऑफिसात महत्त्वाचं काम असतं, एवढंच लिहीत आलो.
चार वाजेपर्यंत पत्र टीपकागदाखाली ठेवलं. फाडणं सोपं होतं. कुणाला कळलं नसतं. पण मग ती भावाच्या दारातच राहणार. अर्जुनरावांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हणालो, भीती वाटते. असं मी ऑफिसात प्रथमच म्हणालो. ते म्हणाले, "असू द्या," आणि चहा मागवला.
सव्वाचारला शिक्का मारला, खाली सही केली. आवक क्रमांक ४१७. विषय: निवासस्थान. साहेबांपुढे ठेवलं आणि मागे न बघता बाहेर आलो.

१६ फेब्रुवारी, बुधवार.
साहेबांनी बोलावलं. दुसऱ्या ओळीतल्या एकाची बदली झाली, मधली खोली मोकळी आहे. एका बाजूला सहा माणसं, दुसऱ्या बाजूला नऊ. चालेल का? मी म्हणालो, चालेल.
पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत. शिक्क्याखालची माझी सही मात्र त्यांच्यासमोरच होती. मग म्हणाले, एका बाईंना मराठीत उत्तर पाठवायचं आहे, तुमचं अक्षर चांगलं आहे, लिहून घ्या.
लिहून घेतलं: "आपले पत्र पावले. आपल्या यजमानांस मधली खोली दिली आहे. आपल्या इच्छेप्रमाणे त्यांना काही कळू दिलेले नाही."
साहेबांनी सही केली. मी जावक क्रमांक घातला. पाकिटावर पत्ता लिहिताना अक्षर जरा वेगळं काढून पाहिलं, जमलं नाही. इंदू माझं अक्षर लांबून ओळखते.
तसंच टपालात टाकलं.