चार दाणे

३ ऑगस्ट
"ओटीतलं सगळं ठेवून घेऊ नये गं, चार दाणे देणारीला परत द्यावेत," माझ्या लग्नात मामी म्हणाली होती. आज लातूरच्या नव्या खोलीत तांदळाचा डबा भरताना ते आठवलं. दयानंद नांदेडहून सोडायला आले, पलंग खिडकीकडे सरकवून गेले. मूलबाळ नाही, तेव्हा नवऱ्याला सोडून नोकरीला येणं सोपं, असं सगळे म्हणतात. डॉ. शिवांगींच्या दवाखान्यात चरबी काढायला येणाऱ्या बायकांना समजावून सांगायचं काम आहे. भिंतींना ताजा पिवळा रंग. जमेल मला.

९ ऑगस्ट
रेणापूरच्या केवळाबाई आल्या. पोट ओघळलेलं. मी दोन्ही प्रकार सांगितले. शस्त्रक्रियेत भूल देऊन नळीनं चरबी बरणीत ओढून घेतात, नंतर पट्टा बांधावा लागतो. लेझरचा त्रास कमी. चरबी आतल्या आत वितळते, शरीर ती हळूहळू जिरवतं.
"अंगातच जिरतंय म्हणता? मग न्हाई. बाहेरच काढा."
त्यांचं बाळ पोटातच गेलं, पोट तेवढं राहिलं. बाजारात बायका अजून कितवा महिना म्हणून विचारतात. मी शस्त्रक्रिया सुचवली.

६ सप्टेंबर
शस्त्रक्रियेनंतर केवळाबाई दाखवायला आल्या. सपाट पोटावरून सारखा हात फिरवत होत्या. जाताना माझी ओटी भरली. मी ओढणी पसरली तर हसल्या, "पदर बी न्हाई तुमच्याकडं, ताई!" तेवढ्यात आतून हाक आली, मी ओटी सावरत पळाले. घरी त्याच तांदळाची खीर केली. किती दिवसांनी पोटभर जेवले.

२० सप्टेंबर
सलवारची नाडी सैल करावी लागली. काट्यावर वजन तेवढंच. हात मात्र वाळलेत. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

२ ऑक्टोबर
डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. नुसती चरबी आहे, म्हणाल्या.
चरबी कूस बदलते का?

५ ऑक्टोबर
चार दाणे — मी दिलेच नाहीत. केवळाबाईंना फोन केला, तांदूळ घेऊन येते म्हटलं. त्या म्हणाल्या, "नका आणू, ताई. लई हलकं वाटायलंय मला. तुम्हाला न्हाईच ना लेकरू. ऱ्हाऊ द्या."

११ ऑक्टोबर
गालफडं बसली. भात शिजला की आतून लाथ — खीर मागतो. मी करते. पोट भरतं — माझं नाही.

१४ ऑक्टोबर
डॉक्टरांनी दयानंदना बोलावून घेतलं. उद्या नळीनं काढणार. ही चरबी सगळं अंग खातेय, थांबलो तर मी जगत नाही म्हणाल्या. दयानंद म्हणाले, भूल झेपायची नाही, लेझर करा. लेझर — म्हणजे तो माझ्यातच विरणार. नळी — म्हणजे बरणीत.
हे मीच सगळ्या बायकांना समजावत होते.

१५ ऑक्टोबर
दाराशी स्ट्रेचर आलंय. तो गप्प. हाताखाली. ऐकतोय —
डॉक्टर, नळी नको. लेझरही नको. अजून काही महिने — तुम्ही नाहीच म्हणणार, ठाऊक आहे — पण त्याला एकदा